एक जुलैपासून लागू

जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर लहान मुलांची खेळखोली होती. दुपारी तिथे आया असायच्या, मुलं सांभाळणाऱ्या बायका असायच्या, आणि एकच पुरुष असायचा. तो माझा नवरा.

तो पुण्याचा, मी नागपूरची. दोन हजार एकमध्ये धडाधड कंपन्या बंद पडल्या तेव्हा त्याची नोकरी गेली. मी त्या वेळी स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करत होते. पुढे मला मॅनहॅटनमध्ये नोकरी लागली आणि तो माझ्या व्हिसावर आला. म्हणजे इथे राहायचं, पण काम करायचं नाही. पहिलं वर्ष तो फार चिडचिडा झाला होता. मग मुलगी झाली, आणि तिला वाढवण्यात त्याने स्वतःला असं काही झोकून दिलं की मी रोज सकाळी आठच्या गाडीला पळायचे ते जरा अपराधी मनानेच. घर चालत होतं ते माझ्या व्हिसावर, आणि व्हिसा होता कंपनीच्या हातात. हे आम्ही कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

आमची कंपनी अगदी छोटी. आठ माणसं, एक मालक. मालक पूर्वी बाँडच्या बाजारात होता. खेळातल्या क्लबांना तो आकडेवारी विकायचा, त्यातही जास्त करून बर्फावरच्या हॉकीच्या क्लबांना. मला हॉकी म्हणजे शाळेच्या मैदानावर स्कर्ट घालून धुळीत पळणाऱ्या मुली एवढंच माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी ते मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "उत्तम. म्हणजे तू कुणाच्या प्रेमात नाहीस."

या धंद्यातली एक गोष्ट मला समजायला वेळ लागला. इथे क्लब आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. तिला ट्रेड म्हणतात. आपल्याकडे सरकारी नोकराची बदली होते, पण खातं तेच राहतं. इथे खातंच बदलतं, तेही एका फोनवर, आणि ज्याची बदली होते त्याला कुणी विचारत नाही. ज्याचा करार उन्हाळ्यात संपणार आहे, त्याला ट्रेडमध्ये फारसं मोल नसतं. घेणारा क्लब म्हणतो, तीन महिन्यांनी हा जाणारच, मग याच्यासाठी आम्ही चांगला पोरगा का द्यावा? पण त्याच माणसाचा करार आधीच चार वर्षांनी वाढवला, आणि वर्षाचा पगार बेताचा ठेवला, तर तोच माणूस एकदम महाग होतो. कारण त्या सुमारास प्रत्येक क्लबच्या एकूण पगारावर मर्यादा आली होती. स्वस्तात आणि लांब मुदतीचा मिळालेला माणूस सगळ्यांनाच हवा होता.

हे गणित मांडायचं काम माझं होतं, आणि मला ते छान जमायचं.

आमच्याच इमारतीत बाविसाव्या मजल्यावर एक हॉकीपटू राहायचा. नावं सांगत नाही. कॅनडातल्या कुठल्याशा गव्हाच्या गावातून आलेला, तिशी ओलांडलेला, बचावाला खेळणारा. गोल करणारा नव्हे. गोल होऊ न देणारा. समोरचे दोन दात खोटे. आठ वर्षांत चार शहरं बदललेली. करार संपत आलेला, म्हणून घर न घेता भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता. त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी खेळखोलीत यायच्या. आमच्या मुलीचं आणि तिचं जमलं, आणि मुलींच्या मागोमाग माझ्या नवऱ्याचं आणि त्या बाईचंही. दोघंही दिवसभर घरात अडकलेली. दोघांचेही जोडीदार आकड्यांवर जगणारे. ती दुसऱ्यांदा गरोदर होती. माझा नवरा तिला थालीपीठ करून खायला घालायचा. बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, पण थालीपीठ हा शब्द तिने शिकून घेतला होता, आणि ठ अगदी जोर लावून म्हणायची.

तो नोव्हेंबर होता. मालकाने मला एका क्लबचं काम दिलं. त्या क्लबच्या, उन्हाळ्यात करार संपणाऱ्या नऊ खेळाडूंची यादी होती. प्रत्येकाचं ट्रेडमधलं मोल दोन कॉलममध्ये काढायचं. पहिल्या कॉलममध्ये आहे तसा. दुसऱ्यात, करार वाढवून दिला तर. यादीतलं सातवं नाव बाविसाव्या मजल्यावरचं होतं.

मी खुर्चीत मागे टेकले. उठून मालकाला सांगायला हवं होतं, की हा माझा शेजारी आहे, याचं काम दुसऱ्या कुणाला द्या. मालकाच्या टेबलावर माझ्या व्हिसाची फाइल होती. माझी पहिली तीन वर्षं येत्या उन्हाळ्यात संपत होती, आणि एक्स्टेन्शनच्या अर्जावर त्याची सही जानेवारीत व्हायची होती. मी उठले नाही. पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. हे मोल काढणारं मॉडेल मी सहा महिने खपून बनवलं होतं आणि ते खऱ्या यादीवर चालवून बघायची मला घाई झाली होती.

नऊ जणांमध्ये दोन कॉलममधलं सगळ्यात मोठं अंतर त्याचंच निघालं. आहे तसा विकला तर किरकोळ. वाढवून विकला तर यादीतला सगळ्यात मोलाचा. आणि खाली माझ्या मॉडेलची एक तळटीप होती. डावा गुडघा. साधारण दोन सीझन, मग उतरण. म्हणजे द्यायचा असेल तर लवकर द्या.

मी रिपोर्ट पाठवून दिला. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये तो भेटला. मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. "आज कशी गेली आकड्यांची फौज?" त्याने विचारलं. माझं काम खेळाशी काहीतरी संबंधित आहे इतपत नवऱ्याकडून त्याला कळलेलं होतं. मी हसले. माझा मजला येईपर्यंत मी दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिले.

जानेवारीत ते तिघं आमच्याकडे जेवायला आले. रविवारची दुपार होती, खिडकीबाहेर नदी पाटीसारखी करडी दिसत होती. तो सहा थालीपिठं लोण्याबरोबर खाऊन बसला आणि म्हणाला, "ऑफर आली. चार वर्षं."

माझ्या नवऱ्याने टाळीच वाजवली. "अरे वा! मग आता घर घ्या की!"

"तेच बघतोय. आणि नो-ट्रेड कलम आहे. माझ्या परवानगीशिवाय मला कुठेही पाठवता येणार नाही. पगार त्यासाठीच कमी घेतला. एजंट म्हणत होता, थोडं ताणून धर. मी म्हटलं, नको. ही पोरगी आता शाळेत जाईल. मला पाचवं शहर नको."

बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. पगार कमी घेतला म्हणजे दुसऱ्या कॉलममधला आकडा अजून वर गेला होता. सुरक्षित राहायला म्हणून तो जे सोडत होता, त्यानेच तो जास्त विकाऊ होत होता. आणि ते कलम. अशी कलमं मी दोन वर्षं वाचत आले होते. नव्या करारातलं कलम नवा करार सुरू होतो त्या दिवसापासून लागू होतं. एक जुलैपासून. त्याच्या आधी, सही झाल्यावरही, क्लब त्याला हवं तिथे पाठवू शकत होता. आणि अशा मधल्या काळात ज्या क्लबकडे तो जाईल, त्याने ते कलम पाळायलाच हवं असंही नव्हतं.

"तू काय म्हणतेस?" त्याने मला विचारलं. "तू तर हेच बघतेस ना दिवसभर?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मी ताटं गोळा करत म्हणाले, "ते कलम कधीपासून लागू होतं, तेवढं एजंटला विचार."

"आहे ना त्यात. मी वाचलंय."

"हो, पण कधीपासून ते विचार."

तो हसला. त्याची बायको हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग मुलींनी काहीतरी सांडलं आणि सगळे उठलो.

ते गेल्यावर नवरा भांडी लावता लावता म्हणाला, "काय यार, त्याचा मूड कशाला घालवलास? वकिलासारखं काय विचारत होतीस?"

"सहज."

"तुला काही माहितीये का?"

"मला काय माहीत असणार? ऑफिसचं घरी बोलायचं नाही, सही केलीये मी."

त्याने पुढे विचारलं नाही.

खेळाडूने करारावर सही केली. त्याच आठवड्यात माझ्या मालकाने माझ्या अर्जावर केली. आमच्या घरी शिरा झाला, आणि नवऱ्याने त्यातला एक डबा बाविसाव्या मजल्यावर नेऊन दिला. दोन्ही घरांचं एकदमच झालं म्हणून तो खूश होता.

मग घर बघणं सुरू झालं. खेळाडू दर आठवड्याला बाहेरगावी, त्यामुळे त्याच्या बायकोबरोबर माझा नवरा जायचा. घरं कशी बघायची हे तिला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून एकच घर, आणि लग्नानंतर सगळी भाड्याची. हा बेसमेंटमध्ये उतरून भिंतीला हात लावून ओल बघायचा, नळ सोडून पाण्याचा जोर बघायचा. रात्री जेवताना मला वर्णन करून सांगायचा. तासाभरावरचं गाव, मागे ओढा, शाळा चालत जाण्यासारखी. "आपलं होईल तेव्हा होईल," तो म्हणायचा, "पण कुणाचं तरी घर बघायला मिळतंय." मी वरण कालवत राहायचे. रोज मनात यायचं, आज सांगावं. रोज वाटायचं, कदाचित काही होणारही नाही. रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. नऊ नावांचा होता. क्लबला तो आवडतो, प्रेक्षकांना आवडतो. दिवस चालले होते, आणि फेब्रुवारीच्या शेवटी ट्रेडची मुदत संपत होती. ती एकदा गेली की पुढचे सगळे महिने सहज निघून गेले असते.

मुदतीच्या दोन आठवडे आधी त्या क्लबचा मॅनेजर आमच्या ऑफिसात आला. मऊ आवाजाचा, नीटनेटका माणूस. डब्यातलं सॅलड खात खात त्याने माझा रिपोर्ट उलगडला आणि सातव्या ओळीवर काटा ठेवला.

"हा दुसरा कॉलम. कितपत खात्रीचा?"

मी पाऊण तास समजावून सांगितलं. त्याने फार चांगले प्रश्न विचारले. मालक कौतुकाने माझ्याकडे बघत होता. मला लाज वाटते, पण त्या पाऊण तासात मी बाविसावा मजला विसरून गेले होते.

"आत्ता, की उन्हाळ्यात?" त्याने शेवटी विचारलं.

बरोबर उत्तर एकच होतं. "एक जुलैच्या आधी. नंतर त्याची परवानगी लागेल."

"आणि गुडघा?"

"म्हणून आत्ताच."

त्याने डब्याचं झाकण लावलं, माझे आभार मानले आणि गेला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. पाच मिनिटांनी परत येऊन दुसऱ्या क्लबची फाइल उघडली.

त्याच आठवड्यात बाविसाव्या मजल्यावरच्या दोघांनी घराच्या कागदांवर सह्या केल्या. बायकोने किल्लीचा फोटो माझ्या नवऱ्याला पाठवला.

मुदतीच्या दिवशी ऑफिसात सगळे टीव्हीपुढे बसतात. दुपारी तीनला दार बंद होतं. तीनला वीस मिनिटं कमी असताना पडद्याच्या खालच्या पट्टीवर त्याचं नाव सरकत गेलं. पश्चिम किनाऱ्यावरचा एक क्लब. बदल्यात त्याच्या जुन्या क्लबला एक तरुण खेळाडू आणि नव्या पोरांच्या निवडीतला एक वरचा नंबर. माझ्या दुसऱ्या कॉलममध्ये जे लिहिलं होतं, जवळजवळ तेच. सहकाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मालकाने केक मागवला.

माझा फोन वाजला. नवरा होता. मागे मुलींचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"अगं, ऐकलंस का? त्याला ट्रेड केलं! पण असं करताच येत नाही ना? कलम होतं ना?" मग आवाज खाली घेऊन, "ती इथेच आहे खेळखोलीत. त्या छोट्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलीये. सातवा महिना संपलाय गं तिचा. तू ये घरी."

मी पोचले तेव्हा खेळाडू लॉबीत होता. दोन बॅगा, आणि पट्ट्याने बांधलेल्या हॉकी स्टिक्स. संध्याकाळचं विमान होतं, दुसऱ्या दिवशी तिकडे मॅच. त्याची मुलगी एका बॅगेवर घोड्यासारखी बसली होती आणि त्याला हा खेळ आहे असं भासवावं लागत होतं. माझा नवरा आमच्या मुलीला कडेवर घेऊन शेजारी उभा होता.

खेळाडूने मला बघितलं. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"एक जुलै," तो म्हणाला. "तू विचारायला सांगितलं होतंस. दोनदा."

टॅक्सी आली. त्याने मुलीला उचलून बॅगेवरून खाली ठेवलं आणि गेला.

वर आल्यावर नवऱ्याने मुलीला कार्टून लावून दिलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"नोव्हेंबर."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. "मी त्यांना घर दाखवत फिरत होतो. ओल बघत होतो मी भिंतींची. आणि तू इथे बसून ऐकत होतीस."

"सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. व्हिसा गेला असता. आपण तिघं..."

"थांब," तो म्हणाला. "माझ्यासाठी गप्प बसलीस असं म्हणू नकोस. मी तुला तसं सांगितलं नव्हतं. मला विचारलं असतंस तर मी काय म्हणालो असतो, ते तुला माहितीये. म्हणूनच विचारलं नाहीस."

मी दार उघडून मुलीजवळ जाऊन बसले.

त्या दिवसापासून खेळाडूची बायको खेळखोलीत यायची थांबली. माझा नवरा वर जायचा. तिची भाजी आणून द्यायचा, मुलीला दोन तास आमच्याकडे आणायचा. मी घरी असले की आणायचा नाही. एप्रिलमध्ये ती बाळंत झाली तेव्हा तिचा नवरा तीन हजार मैलांवर एका मॅचमध्ये होता. हॉस्पिटलमध्ये बाहेरच्या बाकावर माझा नवरा आणि दोघी मुली बसून होत्या. मी ऑफिसात होते. मुलगी झाल्याचं मला सात तासांनी कळलं.

ती एकदाच आमच्या दारात आली. मे महिना होता, शनिवारची सकाळ. तान्ही मुलगी छातीशी बांधलेली. शिऱ्याचा डबा इतके दिवस तिच्याकडेच राहिला होता. तो तिने माझ्या हातात दिला. आत ये म्हटलं तर आली नाही.

"मी त्याला त्या जेवणाच्या दुपारीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "की तिने उगाच विचारलेलं नाही. तू फोन कर एजंटला. तो म्हणाला, ती फक्त आकडे बघते, तिला माणसांचं काय कळणार. आणि तुझी नजर मी बघितली होती. तुला सगळं कळत होतं."

"मला सांगायची परवानगी नव्हती."

"मला माहितीये." तिने बाळाचं टोपडं नीट केलं. "मग गप्पच बसायचंस ना. तेवढं बोललीस, म्हणून आता आम्ही दोघं रोज तेच उगाळतो. त्याने विचारलं का नाही. माझं त्याच्याशी भांडण तुझ्या त्या एका वाक्यावरून होतं."

ती वळून लिफ्टकडे गेली. जूनमध्ये दोघी मुलींना घेऊन पश्चिमेला निघून गेली. ओढ्याकाठच्या घरात ती एक दिवसही राहिली नाही. घर तसंच रिकामं पडलं, आणि घरांचा बाजार तोवर बसायला लागला होता.

नव्या क्लबने ते कलम मानलं नाही. आम्ही दिलेलं नाही, म्हणाले. दुसऱ्या वर्षी जानेवारीत त्याला पुन्हा ट्रेड केलं. पाचवं शहर झालंच होतं, हे सहावं. तिथे पोचल्यावर पाच आठवड्यांत डावा गुडघा गेला. करारात अजून तीन वर्षं होती, पण आता तीच वर्षं क्लबला धोंड झाली, आणि पूर्वी ज्या लांबीने त्याचं मोल वाढलं होतं त्याच लांबीमुळे त्याला कुणी हात लावेना. माझ्या मॉडेलने दोन सीझन म्हटलं होतं. फार चुकलं नाही. हे मला ऑफिसात कळलं, रोजच्या बातम्यांच्या यादीत, दोन ओळींत.

माझं एक्स्टेन्शन त्या उन्हाळ्याआधीच आलं होतं. मालकाने पगार वाढवला. अशा याद्या मी अजून वर्षभर केल्या. एकदाही उठून नाही म्हणाले नाही. फक्त याद्यांमधली नावं झाकून ठेवायला लागले. नावाच्या जागी नंबर टाकायचे. मालकाला ती कल्पना फार आवडली.

घरी आम्ही भांडलो नाही. नवरा तसाच प्रेमळ राहिला, मुलीशी, माझ्याशीही. फक्त संध्याकाळी मी आले की "काय झालं आज ऑफिसात" हे विचारणं त्याने सोडलं. सुरुवातीला मी आपण होऊन सांगायचे. हळूहळू मीही सोडलं.

दोन हजार आठमध्ये मी न्यू जर्सीतल्याच एका औषध कंपनीत अर्ज केला. तिथलंही काम आकड्यांचंच. मुलाखत घेणारी बाई माझ्या आईच्या वयाची होती. तिने विचारलं, तुझ्या मते तू केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं? आधीपासून तयारी केलेलं उत्तर वेगळंच होतं. पण तोंडातून आलं ते हेच. नाव न सांगता मी तिला दोन कॉलम सांगितले, अंतर सांगितलं, मुदतीच्या दिवशी माझा अंदाज किती जवळ आला ते सांगितलं. मी ते फार छान समजावून सांगितलं.

बाईने वहीत काहीतरी लिहिलं. मग सहज विचारलं, "आणि त्या खेळाडूचं पुढे काय झालं?"

"ते आमच्या कामात येत नव्हतं," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. नोकरी मला मिळाली होती.